इंग्रजी विशेषणाचं मूळ कसं शोधायचं: ‘हँडसम’ आणि त्याला जोडलेलं ‘सम’

इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणारे मेसेज रोज फिरतात आणि बहुतेक एकाच पद्धतीने चुकतात. शब्द कानाला जसा ऐकू येतो तसा तोडला जातो, मिळतंजुळतं संस्कृत रूप शोधलं जातं, की झाला निकाल. ‘नॅव्हिगेशन म्हणजे नवगति’ हा त्यातला सर्वांत फिरलेला नमुना. दुसरी चूक याहून साळसूद दिसते. शब्दकोश उघडून पहिली ओळ वाचायची, तीच पूर्ण व्युत्पत्ती समजायची आणि वर्गात किंवा सदरात तशीच सांगायची.

विशेषणांच्या बाबतीत हे जास्त घडतं, कारण इंग्रजी विशेषणात बहुधा दोन तुकडे असतात: मूळ शब्द आणि प्रत्यय. या दोघांचं कूळ एकच असतं असं नाही. एक जर्मनिक, म्हणजे इंग्रजी, जर्मन वगैरे भाषांच्या मूळ कुटुंबातला, आणि दुसरा फ्रेंच असू शकतो. एक संस्कृतचा दूरचा नातलग आणि दुसरा अगदी परका, असंही होतं. म्हणून दोघांची चौकशी वेगवेगळी आणि ठरलेल्या क्रमानेच व्हायला हवी. हा क्रम मी ‘हँडसम’ या एका विशेषणावर आणि त्याच्या शेवटच्या ‘सम’ या प्रत्ययावर दाखवतो आहे. शिक्षक, अनुवादक, स्पर्धा परीक्षेसाठी शब्दसंग्रह वाढवणारे विद्यार्थी, भाषेवर लिहिणारे, सगळ्यांना तो वापरता येईल.

## आधी जमवाजमव

कोश एक असून भागत नाही. निदान तीन उघडे ठेवा, आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे हे लक्षात ठेवा.

पहिला, ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी. फुकट आहे, वाचायला सोपी आहे, सुरुवातीला दिशा मिळते. पण ती दुय्यम आहे. इतर कोशांतली माहिती थोडक्यात मांडते. निकालासाठी तिच्यावर थांबू नका.

दुसरा, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. खिशातली ऑक्सफर्ड नव्हे, ऐतिहासिक मोठी. प्रत्येक अर्थ केव्हापासून लिखाणात सापडतो ते उदाहरणांसह इथे मिळतं. सभासदत्व महाग आहे, त्यामुळे आधी विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या ग्रंथालयात चौकशी करा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सोपं जातं: तिथल्या अनेक सार्वजनिक ग्रंथालयांच्या सभासद क्रमांकावर ती घरबसल्या उघडते.

तिसरा, काळाप्रमाणे लागणारा कोश. मध्ययुगीन इंग्रजीसाठी मिशिगन विद्यापीठाची मिडल इंग्लिश डिक्शनरी, त्याहून जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टोलर. दोन्ही ऑनलाइन आणि फुकट. लोक इथपर्यंत येतच नाहीत, आणि खरी मजा नेमकी इथेच असते.

मराठी-संस्कृत बाजूची खातरजमा करायला कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश आणि टर्नर यांचा भारतीय आर्य भाषांचा तौलनिक कोश जवळ असावा. हे शेवटच्या टप्प्यांत लागतील. आत्ता उघडू नका.

कोशातल्या खुणाही आधी समजून घ्या. रोमन लिपीतली ‘ओ-ई’ ही अक्षरं म्हणजे जुनी इंग्रजी, साधारण 1150 पर्यंतची. ‘एम-ई’ म्हणजे मध्य इंग्रजी, साधारण 1500 पर्यंतची. सालाआधी छोटा ‘सी’ असेल तर त्या सुमारास, छोटा ‘ए’ असेल तर त्या सालाआधी. शब्दाआधी खंजिरासारखी खूण म्हणजे तो शब्द किंवा अर्थ आता वापरात नाही. आणि शब्दाआधी तारा असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही. अभ्यासकांनी तुलनेतून उभं केलेलं आहे. तारा गाळून असं रूप लिहिणं म्हणजे अंदाजाला पुरावा म्हणून खपवणं होय.

इशारा: चॅटबॉटला विचारून काम सुरू करू नका. उत्तर ठाम येतं, तारखा नेमक्या दिसतात, आणि त्यातली कोणती खरी ते तुम्हाला कोशाशिवाय कळणार नाही. मग कोशच आधी उघडा.

## टप्पा 1: शब्द रोमन अक्षरांत लिहा

ही पायरी फालतू वाटते म्हणून वगळली जाते. मराठीत आपण इंग्रजी शब्द उच्चाराप्रमाणे लिहितो, आणि त्यात अक्षरं गळतात. ‘हँडसम’ बोलताना इंग्रजीत ‘ड’ जवळजवळ ऐकू येत नाही. त्यामुळे देखणा या अर्थाचं विशेषण आणि जुन्या लंडनमधल्या घोडागाडीचं ‘हॅन्सम’ हे नाव कानाला एकसारखेच लागतात. ती गाडी जोसेफ हॅन्सम या वास्तुविशारदाच्या आडनावावरून ओळखली जाते. त्याने 1834 मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं. देखणेपणाशी तिचा काही संबंध नाही.

प्रत्ययाचंही तसंच. देवनागरीत ‘सम’ लिहिलं की ते इंग्रजी ‘एस-ओ-एम-ई’ आहे, ‘एस-ओ-एम’ आहे की संस्कृत ‘सम’, हे ओळखण्याची सोयच उरत नाही. म्हणून वहीत आधी रोमन स्पेलिंग, पुढचं सगळं त्यानंतर.

तपासणी: स्पेलिंग लिहिल्यावर शेवटची चार अक्षरं अधोरेखित करा. ‘एस-ओ-एम-ई’ दिसतंय का? नसेल तर घाईने ‘हा तोच प्रत्यय’ म्हणू नका. ‘रॅन्सम’, म्हणजे खंडणी, ‘एस-ओ-एम’वर संपतो. तो फ्रेंचमधून आला, लॅटिन ‘रिडेम्प्शिओ’चा वंशज आहे आणि ‘रिडेम्प्शन’चा सख्खा भाऊ. ‘ब्लॉसम’ जुन्या इंग्रजीतल्या ‘ब्लोस्टम’चा. दोन्हींत प्रत्यय नाहीच.

## टप्पा 2: सर्वांत जुनं रूप आणि सर्वांत जुना अर्थ काढा

आजचा अर्थ घेऊन मागे जाऊ नका. आधी मागे जा, तिथला अर्थ उचला, मग पुढे या.

‘हँडसम’ पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत सापडतो तेव्हा त्याचा चेहऱ्याशी संबंध नसतो. हाताळायला सोपा, हाताशी असलेला, असा त्याचा अर्थ. आपण एखाद्या अवजाराला ‘हाताला बसतं’ म्हणतो तसं. सोळाव्या शतकात ‘बऱ्यापैकी मोठा, भरपूर’ हा अर्थ येतो, जो आजही ‘हँडसम’ रक्कम म्हणताना टिकून आहे. त्याच शतकाच्या उत्तरार्धात ‘देखणा’ हा अर्थ दिसू लागतो, आणि सतराव्या शतकात ‘उदार’. वहीत हे चारही अर्थ एकाखाली एक, शतकासह लिहा.

या यादीमुळे पुढची फोड आपोआप सोपी होते. ‘देखणा’पासून सुरुवात केली असती तर हाताचा संबंध लावायला काहीतरी गोष्ट रचावी लागली असती, आणि लोक ती रचतातच. ‘हाताळायला सोपा’ या अर्थाला गोष्टीची गरज नाही.

इशारा: कोशातलं साल म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. ते सर्वांत जुन्या सापडलेल्या लिखाणाचं साल. शब्द त्याआधी बोलण्यात असणारच. ‘अमुक साली हा शब्द तयार झाला’ असं लिहू नका; ‘तेव्हापासून नोंद मिळते’ एवढंच लिहा. गुगल बुक्सच्या शोधाने काढलेल्या तारखांपासून तर विशेष सावध राहा. साधारण 1800 पर्यंतच्या इंग्रजी छपाईत ‘एस’चं एक रूप ‘एफ’सारखं दिसायचं, आणि संगणकाचं वाचन तिथे फसतं. ‘एस’ असलेल्या आपल्या प्रत्ययासाठी ही मोठीच अडचण आहे.

## टप्पा 3: तोडून पाहा, पण तीन भावंडं सापडेपर्यंत थांबा

आता शब्द तोडा: ‘हँड’ अधिक ‘सम’. ही तोड बरोबर आहे हे कशावरून? एकट्या शब्दावरून कधीच ठरवू नका. तोच शेवट असलेली, तशाच प्रकारे तुटणारी, तसाच अर्थ देणारी किमान तीन विशेषणं शोधा. शोधयंत्रात तारा आणि पुढे शेवटची अक्षरं टाकून शेवटाप्रमाणे शब्द शोधता येतात. वनलूकसारख्या संकेतस्थळांवर ही सोय आहे.

सापडतील: ‘ट्रबलसम’ म्हणजे त्रासदायक, ‘टायरसम’ म्हणजे कंटाळवाणं, ‘होलसम’ म्हणजे आरोग्याला हितकर, ‘क्वॉरलसम’ म्हणजे भांडखोर. प्रत्येकात पुढचा भाग स्वतंत्र शब्द म्हणून उभा राहतो आणि ‘सम’ त्याला ‘तसं असणारं, तसं करणारं, तशी प्रवृत्ती असलेलं’ ही छटा देतं. तोड टिकली.

इथे मराठी व्याकरणातलं शिकलेलं कामी येतं. प्रत्यय धातूला लागला की कृत्, नामाला किंवा विशेषणाला लागला की तद्धित, हे आपण शाळेत शिकतो. इंग्रजी ‘सम’ला हे कुंपण नाही. ‘ट्रबल’ हे नाम, ‘होल’ हे विशेषण, ‘टायर’ हे क्रियापद, आणि तिघांनाही तो लागतो. म्हणून मूळ शब्द कोणत्या जातीचा आहे हे प्रत्येक वेळी वेगळं नोंदवा.

तोडताना आजच्या स्पेलिंगवर फार विसंबू नका. ही चूक सुशिक्षितांकडून सर्वांत जास्त होते, म्हणून तीन उदाहरणं नीट पाहू.

‘नॉइसम’ हा शब्द पाहिला की कुणालाही ‘नॉइज’ आठवतो आणि ‘गोंगाटी’ असं भाषांतर होतं. अर्थ मात्र ‘घाणेरडा, उग्र वासाचा, अपायकारक’. मूळ शब्द ‘नॉइ’, म्हणजे ‘अनॉय’चं आखूड झालेलं जुनं रूप. त्रास देणारं ते ‘नॉइसम’. गोंगाटाचा इथे काहीच संबंध नाही. अनुवाद करताना हा शब्द आला तर थांबाच.

‘लोनसम’ तोडला की ‘लोन’ मिळतं आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण ‘लोन’ स्वतःच ‘अलोन’चं डोकं उडालेलं रूप आहे, आणि ‘अलोन’ म्हणजे ‘ऑल’ अधिक ‘वन’, अगदी एकटा. एक तोड करून थांबला असता तर खालचा थर राहिलाच असता.

‘बक्सम’ सर्वांत अवघड, कारण त्यात प्रत्यय दिसतच नाही. स्पेलिंग ‘एक्स-ओ-एम’वर संपतं. मिडल इंग्लिश डिक्शनरीत याची जुनी रूपं पाहा: ‘बुहसुम’, मग ‘बुक्सुम’. ‘ह’ आणि ‘स’ एकत्र येऊन ‘क्स’ झालं आणि लिहिताना एकच ‘एक्स’ अक्षर वापरलं गेलं. मूळ जुन्या इंग्रजीतलं ‘बूगन’, म्हणजे वाकणं. वाकणारा, म्हणून नम्र, आज्ञाधारक. मध्ययुगीन इंग्लंडात लग्नाच्या शपथेत वधू जे वचन द्यायची त्यात हा शब्द याच अर्थाने होता. पुढे अर्थ उत्साही, आनंदी, मग भरल्या अंगाची असा सरकत गेला. जर्मन ‘बीगझाम’, म्हणजे लवचीक, हा त्याच घडणीचा शब्द आजही मूळ अर्थाजवळ आहे.

तपासणी: तोडलेला पुढचा तुकडा जुन्या रूपातही तसाच आहे का? ‘होलसम’मधला डब्ल्यू पंधराव्या शतकात लिहिण्यात आला, आधी तो नव्हता. मूळ जुन्या इंग्रजीतलं ‘हाल’, म्हणजे धडधाकट. त्याची भावंडं ‘हील’ आणि ‘हेल्थ’. आज दिसणाऱ्या डब्ल्यूवरून मूळ ठरवू गेलात तर वाट चुकेल.

## टप्पा 4: प्रत्ययाची ओळखपरेड

मूळ शब्दाच्या आधी प्रत्यय का? कारण प्रत्यय चुकीचा ओळखला तर मूळ शब्दाचा शोधही चुकीच्या भाषेत सुरू होतो. इंग्रजीत ‘एस-ओ-एम-ई’वर संपणारे निदान तीन वेगळे तुकडे आहेत आणि एकमेकांत ते सर्रास मिसळले जातात.

पहिला आपला: विशेषण घडवणारा. जुन्या इंग्रजीत तो ‘सुम’ असा होता. ‘विनसम’चं जुनं रूप ‘विन्सुम’. त्यातला ‘विन’ म्हणजे जिंकणं नव्हे, तर ‘विन्न’, आनंद. जर्मनमध्ये हाच प्रत्यय ‘झाम’ असा भेटतो: ‘आइनझाम’ म्हणजे एकाकी, ‘लांगझाम’ म्हणजे हळू. जर्मन शिकणाऱ्यांना हे शब्द पहिल्या काही धड्यांतच भेटतात. इंग्रजी प्रत्ययाशी असलेलं त्यांचं नातं कुणी सांगत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं. जुन्या नॉर्समध्येही, म्हणजे स्कॅन्डिनेव्हियाच्या जुन्या भाषेतही, याचा भाऊ आहे. इतक्या जर्मनिक भाषांत एकच प्रत्यय दिसतो याचा अर्थ तो बाहेरून आलेला नाही, वारशाने मिळालेला आहे.

दुसरा, संख्येला लागणारा: ‘टूसम’, ‘फोरसम’. हा विशेषण नव्हे, गट दाखवणारं नाम करतो. जुन्या इंग्रजीत ‘सहांपैकी एक’ अशा रचनेत स्वतंत्र ‘सुम’ शब्द संख्येनंतर यायचा, त्यातून हा उतरला. गोल्फ खेळणाऱ्यांना ‘फोरसम’ ओळखीचा असेल.

तिसरा पूर्ण परका. ‘क्रोमोसोम’मधला. हा ग्रीक ‘सोमा’, म्हणजे शरीर. 1888 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ हाइनरिश वाल्डायर यांनी पेशीतल्या रंग धरणाऱ्या कणांना हे नाव दिलं: ‘क्रोमा’ म्हणजे रंग, ‘सोमा’ म्हणजे शरीर. ‘रायबोसोम’, ‘लायसोसोम’ याच घराण्यातले. उच्चार ‘सम’ नसून ‘सोम’ आहे, शब्द नाम आहे, विज्ञानातला आहे. तीन खुणा असूनही स्पेलिंग सारखं म्हणून लोक याला ‘हँडसम’च्या यादीत बसवतात.

तपासणी: तीन प्रश्न विचारा. तयार झालेला शब्द विशेषण आहे का? पुढचा भाग संख्या आहे का? शब्द एकोणिसाव्या-विसाव्या शतकातल्या विज्ञानातला आहे का? पहिल्याला हो आणि उरलेल्या दोघांना नाही, असं उत्तर आलं तरच पुढे चला.

ही ओळखपरेड इतर प्रत्ययांनाही लागू आहे. ‘होमलेस’मधलं ‘लेस’ म्हणजे ‘कमी’ असं शिकवलं जातं. ते चूक आहे. तो प्रत्यय जुन्या इंग्रजीतल्या ‘लेआस’वरून आला, अर्थ ‘विरहित, मोकळा’. ‘कमी’ या अर्थाचा ‘लेस’ वेगळ्या मुळाचा. अर्थ जवळ वाटतो म्हणूनच फसगत होते. ‘फ्रेंडली’मधला ‘ली’ तर जुन्या ‘लीक’ या शब्दावरून आला, ज्याचा अर्थ शरीर, आकार असा होता.

## टप्पा 5: मूळ शब्दाचं कूळ वेगळं काढा

आता मूळ शब्द घ्या आणि विसरा की त्याला प्रत्यय लागला होता. कोशात तो स्वतंत्र नोंद म्हणून उघडा. ‘हँडसम’च्या नोंदीत ‘हँड अधिक सम’ एवढंच असेल. ‘हँड’चं मूळ ‘हँड’च्या नोंदीत आहे. बहुतेक जण पहिल्या नोंदीवरच थांबतात.

‘हँड’ जर्मनिक भाषांत सगळीकडे आहे; जर्मनमध्येही ‘हांट’. त्या कुटुंबाबाहेर त्याचा खात्रीचा नातलग मिळालेला नाही. हे वाक्य वहीत ठळक लिहा, सातव्या टप्प्यात ते लागणार आहे.

‘क्वॉरलसम’ उघडला तर वेगळंच चित्र. ‘क्वॉरल’ फ्रेंचमधून आला, मागे लॅटिन ‘क्वेरेला’, तक्रार. म्हणजे परका शब्द आणि घरचा प्रत्यय. ‘ट्रबलसम’ही तसाच. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये: ‘भांडखोर’मध्ये भांडण आपलं आणि ‘खोर’ फारसी. आपण हा शब्द रोज वापरतो आणि दोन घराणी एकत्र आलीत हे लक्षातही येत नाही. फरक इतकाच की आपल्याकडे प्रत्यय बाहेरचा, इंग्रजीत मूळ शब्द बाहेरचा.

‘ऑसम’ घेतलात तर ‘ऑ’ जुन्या नॉर्समधून आलेला, अर्थ धाक. त्याच ‘ऑ’ला ‘फुल’ लागून ‘ऑफुल’ झाला. मूळ तेच, प्रत्यय वेगळे, आणि आज एक कौतुकाचा आणि दुसरा तक्रारीचा. प्रत्ययातून आजचा अर्थ गणितासारखा निघत नाही, हे सांगायला याहून चांगली जोडी मला माहीत नाही.

## टप्पा 6: अर्थ कसा सरकला ते लिहा, नियम लादू नका

दुसऱ्या टप्प्यातली अर्थांची यादी परत काढा आणि प्रत्येक अर्थातून पुढचा कसा निघाला ते एका वाक्यात लिहा. हाताळायला सोपा, म्हणून सोयीचा; सोयीचा, म्हणून चांगल्या मापाचा; मापात असलेला, म्हणून डोळ्याला बरा. दुवा सुचत नसेल तर जागा कोरी ठेवा. ओढूनताणून दुवा बसवू नका.

‘मूळ अर्थ हाच खरा अर्थ’ हा आग्रह इथे आडवा येतो. ‘फुलसम’ तेराव्या शतकात ‘भरपूर’ या अर्थी होता, नंतर ‘अति झालेलं, किळस येईल इतकं गोड’ असा झाला. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ‘फुलसम प्रेझ’ मनापासूनची स्तुती म्हणून छापलं जातं. व्युत्पत्ती दाखवून त्याचं समर्थन करता येईल, पण अनेक वाचकांना त्यात तोंडदेखली, मिठ्ठास खुशामतच दिसेल. लेखकाला काय म्हणायचं आहे हे मजकुरावरून ठरवा. व्युत्पत्ती कारण सांगते, परवानगी देत नाही.

## टप्पा 7: संस्कृतशी नातं, सगळ्यात शेवटी

हा टप्पा लोक सर्वांत आधी घेतात. तो शेवटी घेतला तर त्यातून हाती काहीतरी लागतं.

दोन शब्द सारखे दिसण्याची तीन कारणं असतात. वारसा: दोघे एकाच पूर्वजाचे. उसनवारी: एकाने दुसऱ्याकडून घेतला, जसा इंग्रजीने हिंदुस्तानातून ‘पक्का’ हे विशेषण उचललं. आणि योगायोग. ‘बदनाम’ शब्दात दोन प्रकार शेजारी बसले आहेत. फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ अर्थाने आणि आवाजाने इतके सारखे, तरी नातं नाही, निव्वळ योगायोग. ‘नाम’ आणि इंग्रजी ‘नेम’ मात्र खरे नातलग.

वारसा आणि योगायोग यांतला फरक आवाजाच्या नियमांनी ठरतो. नातं खरं असेल तर आवाज सारखे नसतात, तर ठरावीक पद्धतीने वेगळे असतात. संस्कृत ‘प’च्या जागी इंग्रजीत ‘फ’: पाद आणि ‘फूट’, पितृ आणि ‘फादर’. ‘द’च्या जागी ‘ट’: दश आणि ‘टेन’, दन्त आणि ‘टूथ’. संस्कृत ‘श’च्या जागी इंग्रजीत बहुधा ‘ह’: शत आणि ‘हंड्रेड’, श्वन् आणि ‘हाउंड’, शृंग आणि ‘हॉर्न’. संस्कृत ‘ह’च्या जागी अनेकदा ‘ग’: हंस आणि ‘गूज’, हिरण्य आणि ‘गोल्ड’.

आता ‘हँडसम’ समोर ठेवा. ‘हस्त’ आणि ‘सम’ जोडून ‘हस्तसम’ करण्याचा मोह होतो. आधी पुढचा भाग. ‘हस्त’ आणि ‘हँड’ दोघेही ‘ह’ने सुरू होतात, आणि तेच नात्याच्या विरुद्ध जातं. नियमाप्रमाणे इंग्रजी ‘ह’समोर संस्कृतात ‘श’ किंवा ‘क’ अपेक्षित आहे, ‘ह’ नव्हे. ‘हस्त’चा नातलग ग्रीक ‘खेर’, हात, हा मानला जातो. पाचव्या टप्प्यात लिहिलेलं वाक्यही आठवा: ‘हँड’ला जर्मनिकबाहेर खात्रीचा नातलग नाही. हा अर्धा भाग गळाला.

मागचा भाग मात्र टिकतो. ‘सुम’, जर्मन ‘झाम’, इंग्रजी ‘सेम’ हे सगळे ‘एक, एकत्र’ अशा अर्थाच्या प्राचीन *सेम् या मुळाकडे नेले जातात, आणि संस्कृत ‘सम’ही त्याच मुळाचा. ताऱ्याची खूण ठेवली आहे, कारण ते मूळ लिहिलेलं सापडलेलं नाही. म्हणजे प्रत्यय ‘सम’चा खरा चुलत भाऊ आहे. पण इंग्रजीने तो संस्कृतकडून घेतला नाही. दोघांनी एकाच पूर्वजाकडून घेतला, स्वतंत्रपणे. एकाच शब्दात अर्धं नातं खरं आणि अर्धं खोटं. दोन तुकडे वेगळे तपासा असं सुरुवातीपासून सांगतो आहे, त्याचं कारण हेच.

‘फुलसम’मध्ये तर दोन्ही भाग नातलग निघतात: ‘फुल’ आणि ‘पूर्ण’ एका मुळाचे, ‘सम’ आणि ‘सम’ एका मुळाचे. तरीही ‘फुलसम’ म्हणजे ‘पूर्णसम’ असं म्हणणं चूक, कारण हे दोन तुकडे इंग्लंडात, मध्य इंग्रजीच्या काळात जोडले गेले. तुकडे जुने असू शकतात, जोड नवी असते. ‘बक्सम’मधलं ‘बूगन’ आणि संस्कृत भुज्, वाकणं, ज्यातून वाकलेला या अर्थी ‘भुग्न’ आला, हेही नातलग.

आणि ‘नवगति’? लॅटिन ‘नाविस’, जहाज, आणि संस्कृत ‘नौ’ खरे नातलग. पुढचा भाग ‘गति’ नाही. तो लॅटिन ‘आगेरे’, हाकणं, चालवणं. त्याचा संस्कृत नातलग ‘अजति’. मेसेज लिहिणाऱ्याचा पहिला अर्धा योगायोगाने बरोबर निघाला आणि दुसरा चुकला.

तपासणी: कोणत्याही संस्कृत जोडीपुढे तीनपैकी एकच शब्द लिहा: वारसा, उसनवारी किंवा योगायोग. उसनवारी लिहायची तर कोणी, केव्हा, कोणत्या मार्गाने घेतलं हे सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर उसनवारी लिहू नका.

## टप्पा 8: नोंद लिहिण्याचा नमुना

शोध वहीत विस्कळीत राहिला तर दोन महिन्यांनी तुम्हीच चुकीचं उद्धृत कराल. एका शब्दाला एक छोटी नोंद पुरते. ‘बक्सम’ची अशी:

रूप: बी-यू-एक्स-ओ-एम, जुनी रूपं बुहसुम, बुक्सुम. नोंद: मध्य इंग्रजी. तोड: वाकणं या अर्थाचं क्रियापद अधिक ‘सुम’ प्रत्यय. मूळ शब्द: जुनी इंग्रजी बूगन, जर्मनिक वारसा. प्रत्यय: जुनी इंग्रजी सुम, जर्मन झाम, जर्मनिक वारसा. अर्थ: नम्र, आज्ञाधारक, मग आनंदी, मग भरल्या अंगाची. संस्कृत नातं: मूळ शब्दाचं भुज्, प्रत्ययाचं सम, दोन्ही वारसा. खात्री: पक्की.

शेवटचा रकाना कधीही गाळू नका. त्यात ‘पक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘अज्ञात’ यांपैकी एक हवंच. कोशात ‘बहुधा’ असेल तर तुमच्या लेखातही ‘बहुधा’ राहिलं पाहिजे. मराठीत लिहिताना वाक्य ठसठशीत व्हावं म्हणून हा शब्द सर्वांत आधी कापला जातो, आणि तिथून पुढे तो अंदाज सत्य म्हणून फिरू लागतो.

सरावासाठी ‘लोथसम’, ‘कम्बरसम’, ‘ग्रूसम’ आणि ‘लिसम’ घ्या. ‘ग्रूसम’मध्ये पुढचा तुकडा आज स्वतंत्र शब्द म्हणून प्रमाण इंग्रजीत भेटणार नाही, तो स्कॉटिश बोलीत आणि मध्य इंग्रजीत शोधावा लागेल. ‘लिसम’मध्ये ‘लाइद’, म्हणजे लवचीक, या शब्दाचं शेवटचं व्यंजन प्रत्ययाच्या ‘स’मध्ये विरून गेलं आहे, तिसऱ्या टप्प्यातलं ‘बक्सम’ पुन्हा वाचून मगच त्याला हात घाला.